सात माणसं आणि एकसष्ट लाख उत्तरं

इंजिनिअरिंगला 'डिस्क्रीट स्ट्रक्चर्स' नावाचा एक पेपर असतो. त्यात 'हासे डायग्राम काढा' हा प्रश्न जवळपास हमखास येतो. १२ चे विभाजक घ्या, ठिपके मांडा, रेघा जोडा, मार्क घ्या आणि पेपर झाला की विसरून जा. माझ्या ओळखीच्या शंभरातल्या नव्व्याण्णव इंजिनिअर्सचा पार्शल ऑर्डरशी आलेला संबंध इथेच संपतो. मला विचाराल तर आपल्या शिक्षणातला हा एक मोठा घोळ आहे. कारण त्या चित्रात एक फार कामाची गोष्ट असते आणि ती कोणी मोठ्याने सांगत नाही.

४ ने ६ ला भाग जात नाही, ६ ने ४ ला जात नाही. मग या दोघांत वर कोण? उत्तर 'माहीत नाही' असं नाही. 'दोघं सारखे' असंही नाही. इथे तो प्रश्नच लागू होत नाही! चित्रात दोघं आजूबाजूला उभे असतात, मधे रेघ नाही, आणि त्याने काहीही बिघडत नाही. पार्शल ऑर्डरचे नियम तीनच. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या बरोबरीची. अ हा ब च्या वर आणि ब हा अ च्या वर असेल तर ते एकच. आणि अ ब च्या वर, ब क च्या वर तर अ क च्या वर. 'कुठल्याही दोघांत वरखाली ठरलंच पाहिजे' असा नियम यात नाही. तो नियम वरून घातला की रांग होते. रेशनच्या दुकानासमोर असते तशी.

आमच्या अकोटात हे कोणाला शिकवावं लागत नाही. कापसाच्या हंगामात बाजारात दोन ढीग शेजारी पडलेले असतात. एकाचा धागा लांब, पण ओलावा जास्त. दुसरा कोरडा ठणठणीत, पण धागा आखूड. सरकारी हमीभावाच्या भाषेत मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला की पूर्ण भाव आणि १२ च्या वर गेला की खरेदीच नाही. शिवाय मायक्रोनेअर वेगळं, कचरा वेगळा. आमच्या मोठेबाबांना कोणी 'दोन्हीतला चांगला कोणता' असं विचारलं तर ते चिडतात. "कायच्यासाठी चांगला, थे सांग ना बाप्पा आंधी!" एवढंच उत्तर. यात अख्खी पार्शल ऑर्डर आली.

आता थोडं मोजून बघू. तीन ठिपके दिले तर त्यांच्या किती वेगवेगळ्या आकाराच्या पार्शल ऑर्डर होतात? पाच. चार ठिपक्यांच्या १६, पाचांच्या ६३, सहांच्या ३१८, सातांच्या २०४५. पुढे हे प्रकरण हाताबाहेर जातं. २००२ मध्ये ब्रिंकमन आणि मॅके या दोघांनी कॉम्प्युटर लावून सोळा ठिपक्यांपर्यंत मजल मारली आणि सोळाचं उत्तर आलं ४,४८,३१,३०,६६,५१,९५,०८७. म्हणजे पंचेचाळीस कोटी कोटीच्या घरात. नुसत्या सोळा ठिपक्यांचे! (सोळा म्हणजे आमच्या मजल्यावरच्या कँटीनमधल्या खुर्च्यासुद्धा नाहीत.)

गंमत म्हणजे याच २००२ साली याच विषयाला हात घालणारा एक निबंध महाराष्ट्रातल्या तिघांनी लिहिला. एन. के. ठाकरे, एम. एम. पवार आणि बी. एन. वाफारे. यातले ठाकरे सर म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हंगेरीतल्या एका गणिती नियतकालिकात तो छापून आला. पुण्यात लॅटिसवर काम करणाऱ्यांची एक चांगली परंपरा आहे, हे पुण्यात नोकरी करणाऱ्या किती लोकांना ठाऊक असतं देव जाणे. लॅटिस म्हणजे अशी पार्शल ऑर्डर जिच्यात कुठल्याही दोघांच्या लगेच वर एक ठरलेली जागा असते आणि लगेच खाली एक. त्यातही 'डिसमँटलेबल' म्हणजे एकेक ठिपका काढत गेलं तरी प्रत्येक टप्प्यावर उरलेलं चित्र लॅटिसच राहतं असं लॅटिस. या तिघांनी दाखवलं की असं प्रत्येक सांत लॅटिस नुसत्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटवून बनतं, आणि अशा चिकटवून बनलेलं प्रत्येक लॅटिस या प्रकारातलंच असतं.

चिकटवणं म्हणजे काय ते आमच्या रस्त्यावरच सांगतो. अकोला खाली, अकोट वर. सरळ रस्ता अकोला, गांधीग्राम, चोहोट्टा बाजार, अकोट. ही झाली एक साखळी. आता अकोल्याहून दर्यापूर करून अकोटला येणारा दुसरा रस्ता काढा. म्हणजे अकोला आणि अकोट या दोन टोकांमधे एका ठिपक्याची दुसरी साखळी चिकटवली. झालं! पाच ठिपके, पाच रेघा. गणितवाल्यांनी याला पंचकोन असं नावच दिलेलं आहे आणि लॅटिसच्या पुस्तकात तो पहिल्या काही पानांतच भेटतो. त्याच निबंधात एक हिशोब आहे : ठिपके न आणि रेघा न+क असतील तर ज्यांच्यापाशी फाटा फुटत नाही किंवा मिळत नाही असे ठिपके न–२क–२ पासून न–२ पर्यंतच असू शकतात. आपल्या रस्त्यावर न पाच, क शून्य. दोन्ही बाजूंनी उत्तर तीन. गांधीग्राम, चोहोट्टा, दर्यापूर. बरोबर तीन!

या चित्रात दर्यापूर गांधीग्रामच्या वर की खाली? प्रश्न लागू नाही. पण कोणी बंदूक लावून 'पाचही गावं एका ओळीत लिही' म्हणालं तर लिहिता येतील. तीन प्रकारे. दर्यापूर गांधीग्रामच्या आधी, दोघांच्या मधे, किंवा चोहोट्ट्याच्या नंतर. कुठल्याही पार्शल ऑर्डरला तिचे नियम न मोडता रांगेत ताणता येतं, हे श्पिलराइनने १९३० मध्येच सिद्ध केलं होतं. आपली मेकफाइल रोज हेच करते, आपण त्याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतो. मेकफाइलला कोणती रांग निघाली याने फरक पडत नाही. बिल्ड झालं की झालं.

माणसांना मात्र फरक पडतो. इथे मी मुद्द्यावर येतो.

आमच्या क्षेत्रात वर्षातून एकदा प्रत्येक टीम लीडला एक एक्सेल शीट येते. डावीकडे नावं, उजवीकडे 'रँक' नावाचा रिकामा रकाना. समजा सात नावं आहेत. १ ते ७ आकडे भरायचे, एक आकडा दोनदा चालत नाही, रकाना रिकामा ठेवला तर शीट सेव्ह होत नाही. (हे व्हॅलिडेशन ज्याने लिहिलं त्याला साष्टांग नमस्कार.) यावर चर्चा होते ती नेहमी 'हे अन्यायकारक आहे की नाही' अशी. माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. ही शीट गणित म्हणूनच चुकलेली आहे.

सात नावाच्या माणसांबद्दल एखाद्या लीडचं प्रामाणिक मत किती प्रकारचं असू शकतं? म्हणजे कोण कोणाच्या वर आहे आणि कुठल्या जोड्यांची तुलनाच होत नाही, याची किती चित्रं? ६१,२९,८५९. हा आकडा वरच्या २०४५ पेक्षा मोठा आहे कारण तिथे फक्त आकार मोजले होते, इथे कोणत्या ठिपक्यावर कोणाचं नाव हेही मोजतोय. आणि शीट यातली किती मतं स्वीकारते? सातच्या सात जण रांगेत, म्हणजे ५०४०. हजारात एक सुद्धा नाही! बाकी एकसष्ट लाखांवर मतांना त्या फॉर्ममध्ये जागाच नाही. ज्या फॉर्ममध्ये नऊशे नव्व्याण्णव हजारांश खरी उत्तरं भरताच येत नाहीत, त्याला आपण टेस्टिंगमध्ये काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे.

याचा त्रास कोणाला होतो ते सांगतो. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या सात जणांत एक मुलगा होता. नाव नको. रात्रीचे बॅच जॉब्ज तो एकटा सांभाळायचा; काही फुटलं तर आम्ही सकाळी येईपर्यंत ते दुरुस्त झालेलं असायचं, त्यामुळे काही फुटलं होतं हे कोणाला कळायचंही नाही. त्याची सरळ तुलना फक्त दोघांशी होऊ शकत होती. एक सीनिअर त्याच्याहून सरस होता, एक नवीन पोरगी अजून शिकत होती. उरलेले चौघं वेगळीच कामं करायचे. आता गणित करा. वर नक्की एक, खाली नक्की एक, चौघांशी तुलना नाही. मग नियम न मोडता त्याचा रँक २ असू शकतो, ३, ४, ५ किंवा ६ सुद्धा. पाचही आकडे एकाच माहितीशी सारखेच सुसंगत. त्याला ६ मिळाला. शेवटचे दोघं खालच्या टोपलीत जातात असा तिथला नियम होता. पुढच्या दिवाळीला तो आमच्यात नव्हता.

त्या ६ मधली माहिती किती आणि शीट भरणाऱ्याच्या मनातलं किती, याचा शोध कुठल्याही ऑडिटमध्ये लागत नाही. कारण आकडा भरला की मूळ चित्र पुसलं जातं. २ आणि ६ यांच्यामधला फरक हा त्या मुलाचा गुण नव्हताच. तो रांग ताणणाऱ्याने केलेली निवड होती. एका चित्रातून किती रांगा निघतात हे मोजणंसुद्धा सोपं काम नाही. ब्राइटवेल आणि विंकलर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हे मोजणं 'शार्प-पी कम्प्लीट' आहे, म्हणजे ठिपके वाढले की कॉम्प्युटरलाही घाम फुटतो. एचआरला दोष देऊन उपयोग नाही, त्यांनी डिस्क्रीटचा पेपर दिलेला नसतो. आपण दिलेला असतो!

आता जरा लांब जातो, पण कामाचं आहे. पार्शल ऑर्डरचा सगळ्यात अचाट वापर संचसिद्धांतात झाला. पूर्णांकांपेक्षा मोठं आणि वास्तव संख्यांपेक्षा लहान असं मधलं अनंत आहे का, हा कँटरचा १८७८ चा प्रश्न. हिल्बर्टने १९०० च्या यादीत तो पहिला ठेवला. गोडेलने १९३८ मध्ये दाखवलं की 'मधलं काही नाही' हे नेहमीच्या नियमांशी विसंगत नाही. आणि १९६३ मध्ये पॉल कोहेन नावाच्या माणसाने, जो मुळात या विषयातला नव्हताच, दाखवलं की 'मधलं काही आहे' हेही विसंगत नाही. त्याच्या पद्धतीचं नाव फोर्सिंग. १९६६ मध्ये त्याला फील्ड्स मेडल मिळालं.

फोर्सिंगची कल्पना आयटीवाल्याला खरं तर लवकर कळावी. क्लायंटला काहीतरी हवंय, पण काय ते पूर्ण ठरलेलं नाही. आत्तापर्यंत ठरलेल्या गोष्टींचा एक कागद असतो. अजून काही ठरलं की नवा, जास्त पक्का कागद. असे सगळे शक्य कागद म्हणजे एक पार्शल ऑर्डर; जास्त पक्का तो खाली. (शेलाहच्या परंपरेतले लोक जास्त पक्का वर लिहितात, त्यामुळे दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर डोकं गरगरतं.) मग एकमेकांशी न भांडणारे कागद निवडत जायचं, असे की जे जे 'कुठूनही निघालं तरी पुढे गाठता येतं' ते सगळं गाठलं जाईल. शेवटी हातात जी वस्तू येते ती जुन्या जगात नव्हती. ती धरून नवं जग बांधायचं.

साहजिक प्रश्न येतो : कुठली पार्शल ऑर्डर घेतली की कसं जग मिळतं? आणि इथे आधीची सगळी मोजणी आडवी होते. सांत ऑर्डर घेतली तर काहीच होत नाही. खाली खाली जात गेलं की शेवटी असा कागद येतो ज्याच्याखाली ठरवायला काही उरलेलं नाही. मग मिळणारी वस्तू जुन्याच जगातली. सोळा ठिपक्यांची ती पंचेचाळीस कोटी कोटी चित्रं, सगळी या कामाला सारखीच निरुपयोगी. त्याच्या पुढची पायरी गणनीय अनंत. तिथे तर आणखी मजा. जिथे प्रत्येक कागदाखाली एकमेकांशी न जुळणारे दोन कागद सापडतात अशी कुठलीही गणनीय ऑर्डर घ्या, चित्रं कितीही वेगळी दिसोत, फोर्सिंगच्या नजरेत ती सगळी एकच आहेत. कोहेनची ती मूळचीच. शून्य आणि एकच्या सांत माळा, बस्स.

हे असं का होतं? कारण फोर्सिंग 'वर कोण' हे विचारतच नाही. ते विचारतं 'कोणाचं कोणाशी जुळतं'. 'पाचवा बिट १' हा एक कागद आणि 'नववा बिट ०' हा दुसरा. यात जास्त पक्का कोण? तुलना होत नाही. पण दोन्ही एकत्र खरे असू शकतात, दोघांपेक्षा पक्का असा तिसरा कागद आहे. म्हणजे तुलना नाही, पण जुळतं. 'पाचवा बिट १' आणि 'पाचवा बिट ०' यांचीही तुलना नाही, पण ते जुळतही नाहीत. हासे डायग्राममध्ये दोन्ही जोड्यांच्या मधे रेघ नसते, वरवर सारख्याच दिसतात. फोर्सिंगसाठी जमीन-अस्मानाचा फरक. जे दोन कागद अगदी त्याच त्याच कागदांशी जुळतात ते एकच धरायचे, ही तिथली पहिली साफसफाई. (लग्नं जुळवणाऱ्या मावशींना हे कोहेनच्या आधीपासून माहीत असणार. दोन स्थळांत श्रेष्ठ कोण हे त्या तोंडाने बोलतात, पण वहीत वेगळंच मांडलेलं असतं. ह. घ्या.)

गणनीयच्या पुढची पायरी म्हणजे अलेफ-वन, पहिलं अगणनीय. तिथे मात्र वर्गीकरण एका ओळीत मावत नाही. अलेफ-वनला दाबून गणनीय करून टाकणारी ऑर्डर आहे, सुस्लिनचं झाड आहे जे एकही नवी वास्तव संख्या आणत नाही. 'आहे' म्हणालो खरं, पण तेही जगावर अवलंबून. येख आणि टेनेनबाउम यांनी १९६७-६८ मध्ये दाखवलं की असं झाड असू शकतं. सोलोवे आणि टेनेनबाउमच्या १९७१ च्या निबंधात ते अजिबात नसलेलं जग आहे. आणि १९९७ मध्ये झापलेतालने असं जग दाखवलं की ज्यात या आकाराची कुठलीही बिनतळाची ऑर्डर घ्या, ती कोहेनची संख्या आणतेच. म्हणजे 'प्रकार किती' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठल्या जगात उभे आहात त्यावर ठरतं. माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे यांचं अजून काही ठरलेलं नाही." मला तर उलट वाटतं. 'या नियमांवरून हे ठरत नाही' हे सिद्ध करणं म्हणजेच ठरवणं. कोहेनने नेमकं तेच केलं, आणि त्यासाठी त्याला मेडल दिलं, खालच्या टोपलीत टाकलं नाही.

असो. शीटकडे परत. यावर ठरलेला आक्षेप असा, की पैसे शेवटी एकाच रेषेवर मोजतात, बजेट एवढंच, बढतीची जागा एक, मग रांग लावावीच लागणार. अगदी मान्य. कापसाचाही शेवटी क्विंटलला एक भाव निघतोच. पण तिथे धागा, ओलावा, मायक्रोनेअर आधी वेगवेगळं बघितलं जातं आणि भाव सगळ्यात शेवटी निघतो. शेतकरी भांडू शकतो की बाबा, ओलाव्यात इतकं कापलं ते का. आपल्याकडे भाव आधी विचारतात आणि कारणं नंतर लिहायला सांगतात. शिवाय टीम बांधताना मला बढतीची रांग लागतच नाही. मला हे लागतं की बॅच जॉब्जवाला आणि स्क्रीनवाला एकत्र बसवले तर दोघांपेक्षा पक्कं काही निघतं का. ती माहिती कुठल्याच रकान्यात नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'तुलना होत नाही' असं बटण दिलं तर लीड आळस करतील आणि सगळ्यांसमोर तेच दाबतील. दाबू देत की! सगळीकडे तेच दाबलं असेल तर ते लगेच दिसेल, आणि त्याला बोलावून विचारता येईल. आज तोच आळशी लीड मनाला येईल ते १ ते ७ भरतो आणि त्याची शीट मेहनती लीडच्या शीटसारखीच चकचकीत दिसते.

करायला हे अवघडही नाही. सात माणसांच्या जोड्या एकवीस. प्रत्येक जोडीला तीन बटणं : हा वर, तो वर, तुलना होत नाही. अ ब च्या वर आणि ब क च्या वर असं भरलं असेल तर अ क च्या वर हे मशीनने स्वतः भरावं, आणि गोल फिरून परत अ वर येत असेल तर लाल रेघ दाखवावी. वॉर्शलचा १९६२ चा अल्गोरिदम यासाठी पुरतो, सात जणांना ३४३ पायऱ्या लागतात. बजेटसाठी रांग हवी तर तीही त्यातूनच काढता येते, फक्त प्रत्येक नावासमोर एका आकड्याऐवजी दोन छापायचे : सगळ्यात वर कितवा येऊ शकतो आणि सगळ्यात खाली कितवा. त्या मुलासमोर '२ ते ६' असं छापून आलं असतं.